'लाइफटाइम' गिअरबॉक्स तेल स्वतः बदललं : उद्यमबागेतल्या दोन सकाळी

उद्यमबागी | १८ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गाडी जुनी लक्झरी एसयूव्ही, डिझेल, ऑटोमॅटिक. चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली. एमएच-०९ ची बेळगावची केए-२२ करताना मारलेल्या खेपा आणि भरलेला रोड टॅक्स हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पुढच्या चाळीस पोस्टी 'त्यापेक्षा फॉर्च्युनर घ्यायची होतीत' यावर खर्ची पडतात. नाव महत्त्वाचं आहे ते गिअरबॉक्सचं : झेडएफचा आठ गिअरवाला, ८एचपी. २००९ पासून हा बॉक्स बीएमडब्ल्यूत आहे, पुढे लँड रोव्हर, ऑडी, जग्वार अशा कितीतरी गाड्यांत गेला. म्हणजे बोनेटवरचा बिल्ला कुठलाही असो, खाली पोटात बरेचदा हाच असतो.

मीटर १ लाख १८ हजार. साधारण दिवाळीपासून एक खोड लागली. खानापूर रोडवर स्पीडब्रेकर आला, गाडी अगदी हळू केली की दुसऱ्यातून पहिल्यात पडताना मागून वासराने ढुशी द्यावी तसा झटका. आणि सकाळी गार गाडी रिव्हर्सला टाकली की एक क्षण विचार करून मग हलायची. बायको म्हणाली, तुमच्यासारखीच झालीय.

शोरूम परगावी. तिथे पूर्वी एकदा तेलाबद्दल विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं, "सर, हे लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नसतं." आता झटका सांगितला तर त्याच खुर्चीतून, "किलोमीटर झालेत सर, गिअरबॉक्स बघावा लागेल." लाइफटाइम म्हणजे कुणाच्या लाइफचा टाइम, हे मी विचारलं नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला म्हणते. वेगाने हाकणारे आणि ट्रेलर ओढणारे यांनी तर नक्कीच. आमचा ट्रेलर नाही, पण महिन्यातून एकदा चोर्ला घाट आहे. पूर्ण भरलेली गाडी, वर सामान, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वळणांवर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) सतत घुसळतोय. ते सगळं घुसळणं उष्णता होऊन तेलातच जातं.

जागा : आतेभावाचं उद्यमबागेत ट्रकचं गॅरेज आहे, रविवारी बंद. तिथला पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा) मिळाला. सामान : झेडएफचं पूर्ण किट. त्यात चेंबर (पॅन हो, पण इथे सगळे चेंबरच म्हणतात), नवे बोल्ट आणि ७ लिटर लाइफगार्ड ८ तेल. या बॉक्सचा चेंबर प्लॅस्टिकचा आणि फिल्टर त्याच्याच पोटात, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे चेंबरच बदलायचा. शिवाय टी-४० चा चांदणी पाना, ८ चा ॲलन, छोटा टॉर्क रेंच, तापमान वाचायला ब्लूटूथ स्कॅनर. आणि तेल वर चढवायला रविवार पेठेतून ५ लिटरचा नवा कोरा फवारणी पंप. दुकानदाराने विचारलं, काय फवारणार? म्हटलं, गिअरबॉक्स. त्याने पिशवीत घालून दिला, पुढे काही विचारलं नाही.

पहिला धडा पिटवरच मिळाला. गाडी चारी बाजूंनी सपाट पाहिजे, कारण या बॉक्सला डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नाही. भरायच्या भोकातून तेल ओघळलं की लेव्हल झाली, एवढंच. गवंड्याची लेव्हलपट्टी जमिनीला लावली तर बुडबुडा एका कडेला! धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून आतेभावाने फरशीलाच उतार दिलेला. पुढच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी सरळ करण्यात पाऊण तास गेला.

मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आधी भरायचा बोल्ट सोडवायचा, नंतर सांडायचा. तेल काढून बसलात आणि भरायचा बोल्ट हललाच नाही, तर गाडी तिथेच, तुम्ही तिथेच. माझा बोल्ट सायलेन्सरच्या पाइपाशेजारी, हात वाकडा करून जेमतेम पोचतो. दोनदा ॲलन निसटला, तिसऱ्यांदा 'कट्' झालं. त्या आवाजासारखं सुख नाही.

गार तेल सोडलं. या तेलाला नवं असताना हिरवट झाक असते. निघालं ते पातळ केलेल्या काकवीसारखं. जळका वास मात्र नव्हता, त्यावर मी निम्मी लढाई जिंकल्यासारखा हुरळलो. चेंबर उतरवला, आत लोहचुंबकाच्या चकत्या असतात, त्यांवर करड्या रंगाचा लेप बसलेला. दोन बोटांत चोळून पाहिला : काजळासारखा मऊ, खरखर नाही. हा क्लच प्लेटांचा आणि गिअरांचा रोजचा झिजलेला भुगा, तो असणारच. बोटाला टोचणारा कीस किंवा चकाकणारा तुकडा लागला असता तर मी नवं तेल न भरता चेंबर परत लावून गप्प बसलो असतो.

जुन्या फिल्टरच्या नळीची रबरी रिंग बघून घ्या. ती जुन्याबरोबर खाली आली पाहिजे. वर अडकून राहिली आणि नवी तिच्यावर बसवली तर पंप हवा ओढतो. पुसायला गॅरेजातलं कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे आत जातात. मी जुनी सुती लुंगी स्वच्छ धुऊन नेली होती.

बोल्ट १० न्यूटन मीटर, मधून कडांकडे, आडवे-तिडवे. चेंबर प्लॅस्टिकचा आहे, जोर दाखवायची जागा नव्हे.

आता इथवर सगळं छान चाललं होतं. निघालेलं तेल पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांत मोजलं, ५ लिटर २०० मिली. तेवढंच नवं चढवलं की झालं, असं वाटतं, पण तसं नसतं. इंजिन बंद असताना ओघळेपर्यंत भरलं. मग इंजिन चालू केलं, पंप तेल ओढून कन्व्हर्टरमध्ये नेतो, लेव्हल खाली जाते, पुन्हा भरायचं. इथे माझा फवारणी पंप रुसला. नळी निसटली आणि दाबाखालचं हिरवं तेल माझ्या कपाळावर, चष्म्यावर, पिटच्या भिंतीवर. चष्मा पुसून नळीला क्लिप लावेपर्यंत इंजिन चालूच. स्कॅनरवर बघतो तर तेल ५३ अंश.

माझ्या गाडीचं मॅन्युअल म्हणतं ३० ते ५० अंशांच्या मध्ये लेव्हल बघा (तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तोच पाळा). तेल तापलं की फुगतं. ५३ ला ओघळ थांबवून बोल्ट लावला असता तर गार झाल्यावर आत तेल कमी भरलं असतं. थंड असताना लेव्हल धरली तर उलट, जास्त. दोन्ही वाईट, पण कमी तेल जास्त वाईट. घाटात वळणावर पंपाला हवा मिळाली की क्लच घसरतात.

बोल्ट लावला, इंजिन बंद केलं, घरी आलो. उरलेलं उद्या.

---

खानापूरचा खंड्या | १८ जानेवारी, रात्री १०.०५

काय करूलास मर्दा! एवढ्या मोठ्या गाडीला फवारणी पंप लावूलास? वांगी काढायची हैत काय त्यातनं?

पण लिहिलंय झ्याक. दुसरी सकाळ कुठं हाय?

---

पेठेतला पेन्शनर | १८ जानेवारी, रात्री १०.३१

शोरूममध्ये गाडी लावून, काचेमागच्या सोफ्यावर बसून, यंत्रातली फुकट कॉफी पिण्याचं सुख आपण हातचं घालवलंत. एवढी गाडी परवडते तर एवढं बिल का परवडत नाही, हे कळलं नाही. असो. पुण्यात आम्ही रविवारी दुपारी झोपतो.

---

मीनल शहापूरकर | १८ जानेवारी, रात्री १०.४८

माझी छोटी गाडी आहे, ऑटो गिअर शिफ्टवाली. क्लच पेडल नाही. तिलाही हे तेल असतं का? गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिक म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) पाहिजेच," आणि १२०० रुपये सांगितले. शहापुरात आहे गॅरेज, नाव लिहीत नाही, रोज त्याच्या दारावरून जाते.

---

उद्यमबागी | १८ जानेवारी, रात्री ११.१०

मीनलताई, नको. तुमची एएमटी आहे. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, साधी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक युनिट करतं. गिअरबॉक्सला मॅन्युअल गाडीला लागतं तेच गिअर ऑइल. त्या युनिटचं स्वतःचं थोडंसं तेल वेगळं असतं, ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच घालायचं. एटीएफ तुमच्या गिअरबॉक्सात गेलं तर आवाज सुरू होईल.

बाजारात चार जाती 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाने विकल्या जातात : एएमटी, सीव्हीटी, दोन क्लचवाली डीएसजी आणि माझ्यासारखी टॉर्क कन्व्हर्टरवाली. चौघींचं खाणं वेगळं. सीव्हीटीत पट्ट्याला पुलीवर पकड लागते, तिथे एटीएफ घातलं तर पट्टा घसरून गेलाच. ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचच्या सहा गिअर डीएसजीला दर ६० हजारला तेल लागतं, ते कुणी लाइफटाइम म्हणत नाही.

पेन्शनर काका, बिल परवडत नाही असं नव्हे. किट आणि तेल मिळून ३५ हजारांच्या आतबाहेर गेलेच. पण शोरूमला जायचं म्हणजे पहाटे निघून रात्री परत. आणि तिथे तेल बदलायला तयारच नव्हते, गिअरबॉक्स उतरवायला तयार होते.

---

जुना फिटर | १९ जानेवारी, पहाटे ५.२०

डेपोत ३१ वर्षं गेली, वाचून राहवलं नाही.

पिटात उतरून वर इंजिन चालू ठेवलंत हे वाचून पोटात गोळा आला. धूर जड नसला तरी पिट ही विहीरच. सायलेन्सरला नळी लावून बाहेर काढली होती का? दार दोन्हीकडून उघडं होतं का? एकटे होतात की वर कोणी होतं? आज उतरणार असाल तर ही तीन उत्तरं आधी द्या.

आणि धागा वाचून कुणी घरच्या अंगणात नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरू नका. घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, चारी. पुढची दोनच चाकं उचललीत तर लेव्हल तशीही चुकणार.

चेंबरचा बोल्ट मनगटाने, खांद्याने नाही. हे बरोबर लिहिलंय.

---

उद्यमबागी | १९ जानेवारी, सकाळी ५.५५

काका, नमस्कार. शटर दोन्हीकडे उघडी होती, सायलेन्सर शटरबाहेर होता, वर आतेभावाचा पोऱ्या बसला होता. तरी काल उठताना डोकं जड होतं, ते तेलाच्या अभिषेकामुळे असं समजलो. आज नळी लावतो. निघतोय, गॅरेज आठला उघडतं.

---

चिक्कोडीचा ऊस | १९ जानेवारी, सकाळी ९.१२

आमच्याकडे फॉर्च्युनर (आली बघा!). दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या मिस्त्रीने 'लाल तेल सगळीकडे चालतं' म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल गिअरबॉक्सात घातलं. दिसायला तेच, वासाला तेच. आठवड्याभरात ६० च्या वेगाला अशी थरथर की संकेश्वरच्या पुढे हायवेवर टायर पंक्चर झाला म्हणून दोनदा उतरलो. टायर ठणठणीत.

नंतर एकाने समजावलं. कन्व्हर्टरच्या आतला क्लच पूर्ण न दाबता थोडा घसरत ठेवतात, ती घसरण गुळगुळीत व्हावी म्हणून तेलात खास औषध असतं. तेल चुकलं की तो क्लच पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. टोयोटाचं डब्ल्यूएस तेल दोनदा बदलून घातलं, मग थरथर गेली. एकदा बदलून भागलं नाही, कारण चेंबरमधून सगळं तेल निघतच नाही.

---

खानापूरचा खंड्या | १९ जानेवारी, सकाळी ९.३०

मिस्त्रीला विचारलास काय, ऊसवाले? काय म्हणाला?

---

चिक्कोडीचा ऊस | १९ जानेवारी, सकाळी ९.३४

म्हणाला, "रस्ता खराब हाय."

---

मांडवीकाठ | १९ जानेवारी, दुपारी १.१५

मूळचा टिळकवाडीचा, सध्या पणजीत. माझ्याकडे मर्सिडीजची मोठी एसयूव्ही, गिअरबॉक्स त्यांचा स्वतःचा सात गिअरचा, ७२२.९. तत्त्व तेच, पण रचना वेगळी म्हणून लिहितो.

माझ्या चेंबरला तळाशी बोल्ट आणि त्याच्या आत उभी प्लॅस्टिकची नळी. तेल खालूनच, त्याच भोकातून, ॲडॅप्टर लावून वर चढवायचं. मग इंजिन चालू ठेवून ४५ अंशांना ॲडॅप्टर काढायचा. जास्तीचं तेल नळीच्या तोंडावरून सांडून जातं, नळीइतकं उरतं. बोल्ट काढला आणि लिटरभर आलं की लोकांना वाटतं झालं रिकामं. नळी ढकलून बाजूला केल्यावर खरं तेल येतं.

दुसरं, रंग. हा बॉक्स असलेल्या सुरुवातीच्या गाड्यांना लाल तेल, २३६.१४. नंतरच्या 'प्लस' बॉक्सला निळं, २३६.१५. नवीन म्हणून निळं चांगलं, असं समजून जुन्यात घालू नका. पणजीत एका दुकानात मला दोन्ही 'सेम टू सेम' म्हणून मिळत होती.

---

पेठेतला पेन्शनर | १९ जानेवारी, दुपारी ४.०२

म्हणजे ज्या देशात दुकानदार तेलाचा रंग बघून तेल विकतो तिथे आपण गाडीच्या पोटात हात घालायचा. चालू द्या.

(दुसऱ्या सकाळचं काय झालं?)

---

उद्यमबागी | १९ जानेवारी, रात्री ९.१५

आलो. दुसरी सकाळ.

सहाला पोचलो. बेळगावची जानेवारी यावेळी कामाला आली. रात्रभर पिटवर उभ्या गाडीचं तेल १७ अंशांवर. मे महिन्याच्या दुपारी हेच काम काढलं असतं तर इंजिन चालू करायच्या आधीच तेल तिशीच्या पुढे आणि हातात जेमतेम काही मिनिटं. या कामाला थंडीच हवी.

सायलेन्सरला नळी लावून बाहेर सोडली (काका, फोटो पाठवला असता पण नळी म्हणजे आतेभावाच्या ड्रायरची आहे, घरी कळायला नको). ब्रेक दाबून रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, प्रत्येकात थोडं थांबत दोन फेऱ्या, मग पार्क. आत जिथे जिथे पोकळी आहे तिथे तेल पोचावं म्हणून. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर कन्व्हर्टरकडचं तेल चेंबरमध्ये उतरून भोकातून भडाभडा येतं आणि माणूस फसतो.

पोऱ्या वर सीटवर, स्कॅनर त्याच्या हातात. बैलहोंगलकडचा आहे, उत्साहात आला की कन्नडवर जातो. मी खालून ओरडायचो, किती? तो आकडा सांगायचा. ३० म्हणाला तसा बोल्ट काढला. एक थेंब नाही. म्हणजे काल ५३ ला बंद करून निघालो असतो तर ही गाडी अशीच उपाशी चोर्ला चढली असती.

पंप मारायला लागलो. १०० मिली, २००, ४००. "मूवत्तैदु!" ३५. मी घाई करतोय हे वरून त्याला दिसत होतं, "सॉल्प तडी री, सॉल्प तडी," म्हणजे जरा दमानं. ६०० मिलीला भोकाच्या खालच्या ओठावर हिरवा थेंब जमला, लोंबला, मग दोऱ्याएवढी धार लागली. नळी काढली. धार बारीक होत होत तुटली, थेंबांवर आली. ४१ अंश. पोऱ्या वाकून बघत होता, "साकु, साकु!"

पुरे झालं होतं. नवा बोल्ट लावला, इंजिन चालू असतानाच. सगळं मिळून ५ लिटर ८०० मिली भरलं गेलं, म्हणजे जुन्या तेलापेक्षा ६०० जास्त. त्यातलं काही माझ्या कपाळावर गेलं ते वजा. तरी मूळचंच थोडं कमी होतं की काय, अशी शंका आहे.

गाडी उद्यमबाग ते मच्छे आणि परत अशी फिरवली. रिव्हर्सचा तो विचार करण्याचा क्षण गेला. दुसऱ्या-पहिल्याचा झटका अर्धा झाला, संपला नाही. उद्या गिअरबॉक्सच्या कंप्युटरने शिकलेलं जुनं गणित पुसायला स्कॅनर लावणार होतो, पण तूर्त तसंच चालवून बघतो.

---

जुना फिटर | २० जानेवारी, पहाटे ५.०५

अर्धा झटका म्हणजे बरंच झालं. कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये ३ लिटरच्या वर जुनं तेल राहिलंच आहे, एकूण ९ लिटरच्या आसपास धरतो हा बॉक्स. ते नव्यात मिसळलं. दहा हजार चालवून पुन्हा एकदा नुसतं तेल काढून भरलंत तर बाकीचंही पातळ होईल. कुणी फ्लशिंग मशीन (दाबाने जुनं तेल ढकलून काढणारं) लावा म्हणेल. माहीत असलेल्या हाताने, ठरलेल्या दाबाने केलं तर ठीक, नाहीतर साचलेला गाळ उठवून व्हॉल्व्हबॉडीत (क्लचांना तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागात) पाठवण्याचा धंदा.

एक गोष्ट सगळ्यांना. ज्याचा गिअरबॉक्स आधीच घसरतो, गिअर टाकला की नुसतं इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही, त्याने तेल बदलून चमत्कार शोधू नये. 'तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' म्हणणारे बहुतेक जण तिथेच असतात. तो गेलेलाच होता, मग शेवटचा उपाय म्हणून तेल बदललं.

---

मीनल शहापूरकर | २० जानेवारी, सकाळी ११.२०

आज गॅरेजवाल्याला पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. त्याने पान वाचलं, मग मला, मग पुन्हा पान. म्हणाला, "मी दुसऱ्या मॉडेलचं सांगत होतो मॅडम." १२०० वाचले. धन्यवाद!

उद्यमबागी, ते निघालेलं सव्वापाच लिटर कुठे टाकलं?

---

खानापूरचा खंड्या | २० जानेवारी, सकाळी ११.४१

माझ्याकडं पाठव. गोठ्याच्या खांबास्नी जळकं ऑइल मारलं की वाळवी बोट लावत न्हाई. आमच्या आज्ज्यापास्नं चाललंय.

---

जुना फिटर | २० जानेवारी, दुपारी १२.१५

खंड्या, गोठा म्हणजे गुरं आली, खांब चाटणारी. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात धरलंय, उगाच नाही. डबा बंद करून ठेवा. उद्यमबागेत ट्रकचं जुनं तेल गोळा करणारे येतात, त्यांच्या बॅरलमध्ये जाऊ दे. शेतात नको, गटारात तर नकोच.

---

उद्यमबागी | २० जानेवारी, दुपारी २.००

आतेभावाच्या बॅरलमध्येच गेलंय. जुना चेंबर मात्र ठेवलाय, पोऱ्याला तो चेंबर कापून आतला फिल्टर बघायचाय.

---

उद्यमबागी | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

तीन आठवड्यांचा हिशोब. ९०० किलोमीटर झाले, त्यात चोर्ला जाऊन-येऊन एकदा आणि आंबोली एकदा. झटका बहुतेक गेला. आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही गाडी गार असताना, आणि मी लक्ष देऊन वाट बघत असलो तरच जाणवतो. घाटात स्कॅनर लावून ठेवला होता, चोर्ल्याच्या चढाला तेल ९४ अंशांपर्यंत गेलं.

पण काल खाली वाकून बघितलं तर सांडायच्या बोल्टाभोवती ओलसर. थेंब नाही, नुसती ओल, त्यावर धूळ बसलेली. झोप उडाली.

---

जुना फिटर | १० फेब्रुवारी, पहाटे ५.१०

त्या दिवशी अभिषेक झाला होता म्हणालात, त्यातलंच आडून राहिलेलं असू शकतं. क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या पट्टीवरून) ओघळत येतं. बोल्ट आवळू नका, आधी डिटर्जंटच्या पाण्याने सगळं स्वच्छ धुवा, कोरडं करा. गाडी फिरवून आणा. रात्री खाली पेपर अंथरा. नवं तेल हिरवट आहे, ठिपका पडला तर रंग सांगेलच, इंजिनचं की गिअरबॉक्सचं.

---

उद्यमबागी | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

काल धुतली, काकतीपर्यंत जाऊन आलो, रात्री 'तरुण भारत' अख्खा पसरून ठेवला. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. कोरडा. फक्त तिसऱ्या पानावर मांजराचे पाय उमटलेत.

---

पेठेतला पेन्शनर | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

आजचा पेपर अजून वाचायचा होता का?